कारणाचा रकाना

सरकारी रुग्णालयात जखमी माणूस दाखल झाला, की त्याच्या जखमेची नोंद दोन ठिकाणी होते. एक केस पेपरावर, उपचारासाठी. आणि दुसरी, रुग्णालयाच्या नित्याच्या बोलीत 'एमएलसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, कोपरे झिजलेल्या वहीत, कायद्यासाठी. पहिली नोंद वैद्य वाचतो, दुसरी हवालदार. जी नोंद कोणा एकट्याच्या कामाची नसते आणि म्हणूनच जी करण्याची निकड कोणालाच भासत नाही, अशी तिसरी नोंद या दोहोंतून तयार करण्याच्या कामावर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेत, मला एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात पाठविण्यात आले होते.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अखेरच्या सत्रात प्रत्येकाने कोठेतरी उमेदवारी करावी, असा दंडक होता. माझे सहाध्यायी कोणी कुपोषणाकडे वळले, कोणी क्षयरोगाकडे. त्या विषयांना प्रतिष्ठा आहे. त्यांच्यापाठीमागे योजना आहेत आणि योजनांपाठीमागे अनुदाने आहेत. इजा आणि हिंसा हा विषय मात्र वर्गात शिकवून झाला तरी कोणाच्या मनात फारसा रुजत नाही, कारण जंतूमुळे होतो तो रोग आणि माणसामुळे होते ते एकतर नशीब नाहीतर गुन्हा, अशी वाटणी आपल्या मनात फार पूर्वीच होऊन गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिवेशनाने १९९६ साली ठराव करून हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचे जाहीर केले, आणि २००२ साली त्या संघटनेने हिंसा व आरोग्य यांवर एक मोठा अहवाल प्रसिद्धही केला. परंतु जिनिव्हातून निघालेला ठराव आमच्या रुग्णालयाच्या बारनिशीपर्यंत पोचल्याचे कोणतेही चिन्ह मला तेथे आढळले नाही, आणि अपघात विभागातील रात्रपाळीचा डॉक्टर, ज्याला एका हाताने टाके घालायचे आणि दुसऱ्या हाताने पोलिसांना खबर द्यायची, त्याला त्या ठरावाचा काही उपयोग झाला असता असेही म्हणता येत नाही.

दप्तरखाना तळमजल्यावर होता. तेथील कारकुनांना सारे 'भाऊसाहेब' म्हणत. त्यांना कोणत्या सालची वही कोणत्या घोडीवर, कितव्या गठ्ठ्यात आहे हे न पाहता सांगता येई, आणि ती वही बाहेर जाऊ न देण्याविषयी त्यांचा कटाक्ष असा, की न्यायालयाचा समन्स आला तरी ते प्रथम पोच मागत. मी प्रथम गेले तेव्हा त्यांनी माझे शिफारसपत्र दोनदा वाचले आणि विचारले, "मॅडम, यातलं कोणाचं नाव पाहिजे?" मला कोणाचेच नाव नको, नावे सोडून बाकी सगळे हवे आहे, असे मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटला तो सर्वस्वी योग्य होता. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत त्या वह्या उघडण्यासाठी जो जो आला तो एका नावाच्या शोधात आला होता: वकील, पोलीस, विमा कंपनीचा माणूस, क्वचित एखादा बाप. सगळ्यांची नोंद वाचायची पण कोणाचा शोध घ्यायचा नाही, हा व्यवहार त्यांना नवीन होता. पुढे काही आठवड्यांनी ते मला 'ताई' म्हणू लागले.

त्या वहीची भाषा मिश्र होती. डॉक्टरांचे टाचण इंग्रजीत. त्यात प्रत्येक हकिकतीपूर्वी 'असे सांगितले जाते की' या आशयाची तीन आद्याक्षरे, जी हात इतक्या सवयीने लिहितो की त्यांतील सावधपणा केव्हाच विझून गेलेला असतो. शेजारी पोलिसांना दिलेल्या खबरीची वेळ, ती घेणाऱ्याचा बक्कल नंबर, आणि मध्येमध्ये मराठीत, 'सदर इसम जबाब देण्यास सक्षम नाही' असे शेरे. ओळखीच्या खुणांसाठी दोन ओळी. उजव्या गालावर तीळ, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण. ज्याची कवटी फुटली आहे अशा माणसाच्या गालावरचा तीळ कोणीतरी शोधून लिहिला आहे, हे वाचताना मला प्रथम विचित्र वाटे; मग कळू लागले की त्या साऱ्या नोंदीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले असे बहुधा तेवढेच असते.

वहीची पाने सलग वाचू लागले की काही दिवसांनी तीत एक पंचांग दिसू लागते. मृग लागला की सर्पदंश. तेही पहाटे गवत कापताना किंवा रात्री जमिनीवर झोपलेल्याला. संक्रांतीच्या आगेमागे मांजाने कापलेले गळे आणि गच्चीवरून पडलेली मुले. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गोविंदा: मनगटे, खांदे आणि एखाद्या वर्षी मणका, ज्याचा धनी त्यानंतर कोणत्याही वहीत पायांवर चालत येत नाही. सुगीत मळणीयंत्रात सापडलेली बोटे, दिवाळीत डोळे, उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरी, लग्नसराईत वऱ्हाडाचे टेंपो, शिमग्याला डोक्यातल्या खोका. हे सारे इतके नेमाने येते, की यातील पुष्कळसे टाळता येण्याजोगे आहे हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागू नये. जे तिथीवार येते ते दैव कसले? त्या साऱ्या पंचांगात ऋतू नसलेला असा एकच वर्ग मला आढळला. भाजलेल्या तरुण स्त्रिया बारमास येत होत्या.

त्यांच्याकडे येण्यापूर्वी ज्या यंत्राने मी ही मोजदाद करीत होते त्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मृत्यूच्या आणि रोगाच्या कारणांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जगभर चालते, त्याचा पाया जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या यादीत आहे, आणि त्याची दहावी आवृत्ती तेव्हा माझ्या हातात होती. या आवृत्तीत इजेला दोन संकेतांक द्यावे लागतात. एक, काय मोडले याचा. आणि दुसरा, ते कशाने मोडले याचा. मांडीचे हाड मोडले हा पहिला संकेत. झाडावरून पडून, रस्ता ओलांडताना, की कोणी काठी मारून, हा दुसरा. या दुसऱ्या यादीइतके चमत्कारिक वाङ्मय मी त्यापूर्वी वाचले नव्हते. तीत कुत्र्याच्या चाव्याला स्वतंत्र क्रमांक आहे, विषारी सापाला आहे, विंचवाला आहे, कड्यावरून पडण्याला आहे, आगगाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला आहे, आणि युद्धालाही आहे. मानवी देहावर बाहेरून कोसळू शकणाऱ्या यच्चयावत् आपत्तींची इतकी निर्विकार फेरिस्त करणाऱ्या मंडळींविषयी मला आदर वाटू लागला. भावनेचा एक शब्द न उच्चारता माणसाच्या दुःखाची एवढी दखल घेता येते, हे मला कोणत्या कादंबरीने शिकविले नव्हते.

आमच्या वहीत पहिला संकेत देण्याजोगा मजकूर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होता. जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. भाजलेल्या भागाची टक्केवारी. हाड कोणत्या बाजूचे. दुसऱ्या संकेताच्या वेळी मात्र वही मुकी होई. 'पडून.' 'भाजून.' 'लागून.' कोठे पडून, कशावरून, किती वाजता, कोणी ढकलले की पाय घसरला, यांतले काहीच नाही. कारणाचा रकाना वहीत छापलेला होता, पण तो इतका अरुंद की त्यात एका शब्दापलीकडे काही मावू नये. आणि मनुष्यस्वभाव असा, की रकाना जेवढा असेल तेवढेच सत्य त्याला पुरेसे वाटते. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. टाके घालायला कारण लागत नाही. शिवाय त्याने काही लिहिले तर पाच वर्षांनी न्यायालयात उभे राहून त्या शब्दाचा जाब द्यावा लागणार, हे तोही जाणून असतो.

ही अडचण नवी नव्हे. जॉन ग्रॉन्ट नावाच्या लंडनच्या कापड-व्यापाऱ्याने १६६२ साली शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवर एक पुस्तक लिहिले, आणि संख्याशास्त्राची मंडळी त्याला आपला आद्यपुरुष मानतात. त्या याद्यांसाठी घरोघर जाऊन प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम म्हाताऱ्या स्त्रियांकडे असे. फिरंगरोगाने मेलेल्यांची संख्या संशय यावा इतकी थोडी आहे, हे ग्रॉन्टच्या ध्यानात आले, आणि त्याने बेधडक लिहून टाकले की या बायांना पेलाभर दारू आणि थोडी चिरीमिरी मिळाली की तो रोग क्षयाच्या खात्यात जमा होतो. ज्या मृत्यूने घराची अब्रू जाते तो मृत्यू शेजारच्या, निरुपद्रवी रकान्यात सरकविला जातो. या नियमाला साडेतीनशे वर्षांत बाध आलेला मला तरी दिसला नाही. आपल्याकडे कौटिल्याने तर आकस्मिक मृत्यूच्या परीक्षेला 'कंटकशोधन' या अधिकरणात एक अख्खा अध्याय दिला आहे: प्रेताला तेल लावून पाहावे, फास, बुडणे, विष यांची लक्षणे कोणती, इथपासून ते मृताला कोणी बोलावले होते, तो कोणाबरोबर होता, हे जवळच्या माणसांना विचारावे, इथपर्यंत. मौर्यकालीन अधिकाऱ्याला विचारायला सांगितलेले हे प्रश्न आमच्या छापील वहीत नव्हते.

भाजलेल्या स्त्रियांच्या नोंदी मी शेवटी ठेवल्या होत्या. तो काळ रॉकेलचा होता. 'स्टोव्हचा भडका उडून' हे तीन शब्दही लिहायला अनेकांना वेळ नसे. नुसते 'स्टोव्ह' एवढे लिहिले की वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. क्वचित 'चहा करताना', क्वचित 'पदर पेटून'. वय वीस, बावीस, सव्वीस. केस पेपराच्या वरच्या कोपऱ्यात, नावाच्याही आधी नजरेत भरेल असा, लग्नाला किती वर्षे झाली याचा आकडा. कारण १९८६ साली दंडसंहितेत हुंडाबळीचे कलम आले, आणि लग्नापासून सात वर्षांच्या आतील मृत्यूची गणना निराळी झाली. सातव्या आणि आठव्या वर्षामधली ती कायद्याची रेषा कागदाच्या कोपऱ्यात अशी उतरलेली होती.

मोठ्या आकड्यांची गोष्ट मला त्याच सुमारास कळली. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांनी मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी ताडून असा अंदाज काढला, की २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १,६३,००० माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, त्याही बहुसंख्य १५ ते ३४ या वयाच्या. पोलिसांच्या दप्तरी जेवढे मृत्यू दाखल होते, त्याच्या सहापट हा आकडा. तरुण वयात एका पुरुषामागे तीन स्त्रिया. आता, स्टोव्हला स्त्रीपुरुष कळत नाही हे खरे, आणि स्वयंपाक स्त्रिया करतात हेही खरे. परंतु स्वयंपाक तर पन्नाशीची सासूही करते, आणि नोंदीत ती एवढ्या संख्येने भाजत नाही.

माझ्यापुढे प्रश्न संकेतांकाचा होता. वर्गीकरणात रॉकेलसारख्या ज्वालाग्राही पदार्थाने अपघाती भाजण्याला एक क्रमांक आहे. स्वतःला पेटवून घेण्याला दुसरा. दुसऱ्याने पेटविण्याला तिसरा. आणि हेतू निश्चित न झालेल्या आगीला चौथा. पहिल्याला 'एक्स-०४' म्हणतात, चौथ्याला 'वाय-२६'. वहीत 'स्टोव्ह' लिहिले आहे म्हणून पहिला क्रमांक द्यावा, तर मी त्या बायांपैकी कित्येकींच्या बाबतीत एका असत्यावर सरकारी शिक्का मारणार. आणि तिसरा द्यावा, तर कोणताही पुरावा नसताना एका घरावर खुनाचा आरोप ठेवणार. भाजलेल्यांच्या वॉर्डात सेवानिवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या. ड्रेसिंगच्या वेळी रोगी ओरडू लागला की त्या त्याच्याशी त्याच्या गावाविषयी, पिकापाण्याविषयी बोलत राहत, हात न थांबविता. त्यांना मी एकदा विचारले, की या हकिकतींपैकी खऱ्या किती. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, बाई आली तेव्हा नवरा शेजारी उभा असतो, तेव्हा ती एक सांगते. रात्री तो घरी गेला की मला दुसरं सांगते. आणि माहेरची माणसं आली की तिसरं. तुला तीन वह्या लागतील." थोड्या वेळाने त्यांनीच जोडले, "आणि लेकरं नवऱ्याकडं आहेत हे लक्षात आलं, की ती पुन्हा पहिल्यावर येते."

मृत्युपूर्व जबानीला आपल्या कायद्याने १८७२ पासून जे असाधारण वजन दिले आहे, त्याच्या मुळाशी अशी श्रद्धा आहे की मृत्यूच्या दारात उभा असलेला मनुष्य खोटे बोलत नाही. मला या श्रद्धेचा उपमर्द करावयाचा नाही. न्यायालयांनीही तिला पुष्कळ कुंपणे घातली आहेत, आणि विशेष कार्यकारी दंडाधिकारी जबानी घेण्यापूर्वी रोगी शुद्धीवर व सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतात, तोही त्यासाठीच. परंतु ज्या स्त्रीची दोन मुले बाहेर व्हरांड्यात त्यांच्या बापाच्या मांडीवर बसली आहेत, तिच्या दृष्टीने मृत्यू हा शेवट नसतो. तिला आपल्यामागे काय होणार याचा हिशेब करायचा असतो, आणि त्या हिशेबात सत्याची किंमत फार मोठी पडते. तिने अखेर 'स्टोव्ह' असे सांगितले, तर ते खोटे बोलणे नव्हे. तो तिच्या हयातीतला शेवटचा व्यवहार असतो, आणि तो ती मुलांच्या बाजूने करते.

म्हणून मी 'वाय-२६' वापरू लागले. आमच्या मार्गदर्शकांना तो क्रमांक फारसा आवडला नाही, कारण अहवालात अनिश्चितांचा वर्ग मोठा झाला की तो अहवाल अपुरा दिसतो. आणि ठाण्यातून कागद न्यायला येणाऱ्या हवालदारांना तर तो सरळसरळ पळपुटेपणा वाटला. त्यांच्या मते गुन्हा असतो किंवा नसतो. न्यायाधीशाला हे म्हणणे शोभते, कारण त्याला एका माणसाचे काय करायचे ते ठरवायचे असते, आणि संशय असेल तर सोडून द्यायचे असते. मला कोणालाच शिक्षा करायची नव्हती. मला एवढेच पाहायचे होते की शंभर घरांत एकच गोष्ट पुनःपुन्हा घडते आहे काय. आणि त्यासाठी संशयाला स्वतःचा रकाना लागतो. तो नसेल तर संशय निमूटपणे अपघातात जाऊन मिळतो, आणि मग आकडेवारीवरून असे दिसते की आपल्या देशातील सुनांना स्टोव्ह पेटविता येत नाही.

प्रतिबंधाच्या शास्त्राचा एक आचार्य विल्यम हॅडन. हा मूळचा वैद्य. अमेरिकेने १९६६ साली रस्त्यांवरील सुरक्षेसाठी खाते काढले तेव्हा त्याला त्याचे प्रमुखपद मिळाले. इजेचे त्याने तीन काळ केले, घडण्यापूर्वी, घडताना आणि घडल्यानंतर. आणि प्रत्येक काळात माणूस, वस्तू आणि परिसर यांच्याकडे निरनिराळे पाहावे असे सांगितले. मोटारीसाठी बनविलेला हा तक्ता मी एका संध्याकाळी आमच्या स्टोव्हवर मांडून पाहिला. पूर्वी: जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, नायलॉनची साडी, एकाच दाराची खोली. घडताना: पाणी कोठे, घोंगडी कोठे, दार कोणत्या बाजूला उघडते. नंतर: भाजलेल्या भागावर शाई आणि टूथपेस्ट लावणे, तालुक्यापासूनचे अंतर. तक्ता उत्तम भरला. प्रत्येक चौकटीत काही ना काही करण्याजोगे निघाले, आणि करण्याजोगे निघणे हीच या शास्त्राची मोठी मोहिनी आहे. मग माझ्या ध्यानात आले की या तक्त्यात काडी ओढणारा हात कोठेच बसत नाही. वस्तू अपघाताची आणि खुनाची एकच. जे रॉकेल सांडते तेच ओतलेही जाते.

तरीही वस्तूंकडे पाहणारी ही दृष्टी हलकी लेखण्याजोगी नाही. श्रीलंकेत १९९५ साली आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ४७ पर्यंत चढले होते. अतिविषारी कीटकनाशके, आणि १९९८ साली एंडोसल्फान, बाजारातून काढून घेतल्यावर ते दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. कोणाचे दुःख कमी झाले नव्हते, कोणाचे कर्ज फिटले नव्हते. हाताशी असलेला डबा फक्त कमी विषारी झाला होता. इंग्लंडात स्वयंपाकाच्या कोळसावायूतील कार्बन मोनॉक्साइड गेला तेव्हाही, १९६० नंतरच्या वर्षांत, असेच घडले. माणसे दुसरा मार्ग शोधतील हे भाकीत पुष्कळ अंशी खोटे ठरले, आणि एकंदर आत्महत्या सुमारे एक-तृतीयांशाने उतरल्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले, आणि त्या टिपणांतूनच ऐंशीच्या दशकात प्राझोसिनचा उपचार पुढे आला. कोकणात विंचवाने मरणे हे तोवर विधिलिखितच समजले जात असे. नीट लिहिलेल्या कागदाने माणसे वाचतात, याची ही उदाहरणे मी उमेदवारीत स्वतःला पुनःपुन्हा सांगत असे, विशेषतः दुपारी चारच्या सुमारास, जेव्हा दप्तरखान्यातील धूळ आणि वहीतला मजकूर दोन्ही असह्य होत. आपल्याकडे आता रॉकेलही चालले आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर खेड्यांत गेले, स्टोव्ह माळ्यावर पडले. यामुळे काही स्त्रिया वाचल्या असणार, याविषयी मला शंका नाही. पण वस्तूंविषयी बोलणे हा हाताविषयी न बोलण्याचा सभ्य मार्ग होऊन बसतो, हेही मी समित्यांच्या बैठकांत पाहिले आहे. शेगडी ओट्यावर ठेवावी, या ठरावाला सूचक आणि अनुमोदक तत्काळ मिळतात.

ज्या प्रयोगाचे आमच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक कौतुक होई, तो वेल्समधील कार्डिफचा. जोनाथन शेफर्ड हे तेथील जबड्याचे शल्यचिकित्सक. मारामारीत चेहरा फुटून आपल्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आले. मग अपघात विभागातील स्वागतकक्षातच जखमीला तीन गोष्टी विचारायला सुरुवात झाली: कोठे, केव्हा, कशाने. नाव गाळून ही माहिती दर महिन्याला पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली, आणि मग कोणत्या दारूगुत्त्यापाशी, शनिवारी रात्री किती वाजता गस्त हवी, हे नकाशावरून दिसू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तेथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे मासिक प्रमाण लाखामागे ७ वरून ५ वर आले, तर तुलनेसाठी घेतलेल्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. डॉक्टरने गुन्हेगार न शोधता गुन्हा कमी केला! माझ्या अहवालाचा सारा आराखडा या उदाहरणावर रचलेला होता, आणि तो शहरातील बसस्थानकामागच्या रस्त्यासाठी, देशी दारूच्या दुकानाच्या चौकासाठी, उड्डाणपुलाखालच्या वळणासाठी ठीक होता. परंतु गस्त चौकात घालता येते. स्वयंपाकघरात कोण घालणार?

या प्रश्नाचे आपल्याकडे निघालेले एक उत्तर मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात होते, आणि ते मला पुस्तकातून नव्हे तर सिस्टरांच्या बोलण्यातून प्रथम कळले. महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून २००० साली तेथे 'दिलासा' नावाचे केंद्र सुरू केले. त्यामागचा विचार असा, की मार खाल्लेली स्त्री पोलीस ठाण्यात जात नाही, वकिलाकडे जात नाही, पण औषधाला रुग्णालयात येतेच. तेव्हा तिला ओळखण्याची विद्या तेथल्याच परिचारिकांना आणि डॉक्टरांना आली पाहिजे. 'चुकून औषध प्यायले' असे सांगणारी तरुण बाई, 'जिन्यावरून पडले' म्हणणारी पण पाठीवर वळ असलेली, बरोबरच्या माणसाकडे पाहून मगच उत्तर देणारी, अशांना बाजूला घेऊन, एकटीला, आवाज न चढविता विचारायचे. पुढे हे काम मुंबईतील इतर पालिका रुग्णालयांत गेले, आणि केरळात 'भूमिका' या नावाने तशीच केंद्रे निघाली. कार्डिफला जी माहिती टेबलापलीकडच्या कारकुनाला मिळते, ती येथे मिळण्यासाठी पडदा ओढावा लागतो आणि नवऱ्याला चहा प्यायला खाली पाठवावे लागते. तो खर्च अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली घालावा, हे मला अहवाल लिहिताना शेवटपर्यंत सुचले नाही.

अहवालाच्या अखेरीस मी एमएलसीच्या नमुन्यात काही रकाने वाढवावेत अशी शिफारस केली: घटनास्थळ, वेळ, वस्तू, त्या वेळी जवळ कोण होते, आणि हकिकत कोणी सांगितली. शेवटच्या रकान्यावर माझा भर होता. 'स्टोव्ह' हा शब्द रोग्याने उच्चारला, की आणणाऱ्याने, की डॉक्टरने सवयीने लिहिला, एवढे जरी कळले तरी पुढच्या विद्यार्थ्याला त्या शब्दाचे वजन करता आले असते. अहवालावर आवक क्रमांक पडला. बैठकीत वेळेचा रकाना आधीच आहे असे निघाले. वस्तू आणि उपस्थित माणसे ही पोलिसांची बाब ठरली. हकिकत सांगणाऱ्याचे नाव लिहिले तर त्यालाही समन्स निघेल, या सबबीवर तो रकाना गळाला. आणि घटनास्थळ मंजूर झाले. छापखान्यातून नव्या वह्या आल्या तेव्हा मी तेथे नव्हते. भाऊसाहेबांनी दूरध्वनी करून सांगितले, "ताई, तुमचा रकाना आलाय, पत्त्याच्या शेजारी. पण बारीक आहे."

काही वर्षांनी त्याच रुग्णालयात उमेदवारीसाठी गेलेल्या एका विद्यार्थिनीने मला त्या रकान्याची मोजदाद पाठविली. पुरुषांच्या बाबतीत रस्त्यांची, नाक्यांची, शेतांची, ढाब्यांची नावे होती, आणि त्यांवरून नगरपालिकेने एका वळणावर दिवे बसविले होते. स्त्रियांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी 'घरी' एवढेच होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या त्या दहाव्या आवृत्तीतही घराला एकच आकडा आहे, शून्य. तिने विचारले होते, की या शून्याचे पुढे काय करायचे. मी तिला लिहिले, की घराचे भाग पाडून पाहा: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, गच्ची, अंगण, दार आतून बंद होते की बाहेरून, हेही विचारता आले तर विचार, आणि नव्या अधिष्ठात्यांकडे हकिकत सांगणाऱ्याच्या रकान्याचा अर्ज पुन्हा दे, या वेळी नाव न मागता फक्त नाते माग. तिने तो दिला आहे. अजून आवक क्रमांक पडायचा आहे.